मंगरूळपीरचा पितळी कोंबडा

वाशिमला जाऊन तू पाहणार तरी काय, असं निघण्यापूर्वी मला बऱ्याच जणांनी विचारलं. परत आल्यावर काय पाहिलंस, हे कुणीच विचारलं नाही. सगळे एकच विचारतात, आणलेला कोंबडा गाडीला का लावत नाहीस? मग मी थाप मारतो. झडप जाम आहे, तार मिळत नाही, पोलीस धरतील. आता थापाही संपत आल्या आहेत. त्यामुळे जे झालं ते एकदाचं लिहून टाकतो. वाचून तुमचं माझ्याबद्दलचं मत खाली आलं तर माझी तक्रार नाही, माझं स्वतःचं आधीच आलेलं आहे.

कोंबडा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. जुन्या मोटारींच्या धुराच्या नळीला हौशी लोक नाना अलंकार चढवायचे. त्यातलाच हा एक. नळीच्या मध्यावर एक फाटा काढायचा, त्यावर झडप आणि झडपेपुढे पितळेची शिट्टी. झडपेची तार चालकाच्या गुडघ्यापाशी येते. तार ओढली की इंजिनाचा सगळा धूर शिट्टीतून जातो आणि गाडी आरवते. तार धरून ठेवाल तेवढा वेळ आरवते.

साताऱ्यात आमच्या वडिलांच्या गाडीला असा कोंबडा होता. वडील रस्त्याची छोटी कंत्राटं घ्यायचे. संध्याकाळी कामावरून येताना ते चौकातल्या वळणापासून तार ओढायचे आणि गाडी दारात लागेपर्यंत सोडायचे नाहीत. तो लांब आवाज ऐकला की आई चहाचं आधण ठेवायची आणि आम्ही पोरं पाटीपुस्तकं टाकून फाटकाकडे पळायचो. वडील आले, दिवस नीट संपला, असा त्या आवाजाचा अर्थ. पुढे गाडी विकली, तिच्याबरोबर कोंबडाही गेला. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तसलीच एक जुनी गाडी घेऊन ती घासूनपुसून उभी केली. बायको म्हणाली, पुतळा उभा केलात. ती चिडवत होती, पण मला खरंच तसं वाटायचं. गाडी होती, तिला आवाज नव्हता. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या मेळ्यात कुणीतरी सांगितलं की मंगरूळपीरला हबीब मिस्त्री म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्याकडे अजून असल्या नळ्या मिळतात. मी घरी येऊन पिशवी भरली.

वाशिम

रेल्वेत झोप झाली नाही वगैरे रडगाणं गात नाही. वाशिमला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि फाल्गुनाचं ऊन आत्ताच चटका देत होतं. स्टँडसमोर आलुबोंडा खाल्ला. आपल्या बटाटेवड्याचाच हा भाऊ, पण इथे तो तिखटजाळ रश्श्यात बुडवून देतात. मी चमचा मागितला तर गाडीवाल्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

बसमध्ये शेजारी एक धोतरवाले आजोबा बसले होते. साताऱ्यात आपण माणसाला आधी गाव विचारतो, मग गावातला कोणी ओळखीचा काढतो आणि असं फिरत फिरत मुद्द्यावर येतो. आजोबांनी फिरवाफिरवी केली नाही.

"कुठले तुमी?"

"साताऱ्याचा."

"मंग इतक्या दूर कायले आले?"

मी मोटारीच्या धुराच्या नळीसाठी आलो असं सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"घरी पोरंसोरं हायेत ना?" म्हणाले.

"आहेत."

"मंग ठीक हाये," असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर तुरीची काढून झालेली रानं आणि मध्येच संत्र्याच्या हिरव्या बागा होत्या. बांधावर पळस पेटल्यासारखा फुलला होता. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो, इथे नजरेला अडवणारं काही नाही. मला बरं वाटलं. हे बरं वाटणं मी इथे नोंदवून ठेवतो, कारण नंतर या रस्त्याने जाताना ते पुन्हा वाटलं नाही.

मंगरूळपीर

हबीब मिस्त्रींचं शेड स्टँडच्या मागच्या गल्लीत, दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. सत्तरी ओलांडलेला, उंच, वाकलेला माणूस. मेंदीने लाल केलेली दाढी, सगळ्या गावाचे चाचा. शेडच्या एका बाजूला वेल्डिंगचं सामान आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायकोचं बांगड्यांचं दुकान. चाचींचं माहेर मन्याराचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणारं. एकाच छपराखाली इकडे ठाणठाण आणि तिकडे किणकिण. मी पोचल्या पोचल्या चाचा म्हणाले, "देखो भाऊ, आधी चहा, मंग नळी." असा माणूस मला पहिल्याच वाक्यात आवडतो.

शेडच्या मागच्या भिंतीला जुन्या नळ्या टांगलेल्या होत्या. या भागात रस्ते कमी आणि एसट्या त्याहून कमी होत्या, तेव्हा सगळी वाहतूक जीपवर चालायची. आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात ती इकडची काळीपिवळी. प्रत्येक जीपवाला चाचांकडून स्वतःचा आवाज बनवून घ्यायचा, म्हणजे फाट्यावर उभ्या माणसाला न पाहता कळायचं कोणाची गाडी येते आहे. आणि प्रत्येक नळीला नाव. दोन तोंडांची ती दुनळी. शेपटाकडे वर वळलेली ती मोरणी. निकेल चढवलेली, खाली मान घालून चमकणारी ती नवरी. इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ पुटपुटत राहणारी ती सासू. एक नळी तेल फार खायची आणि उभ्या उभ्या मागे काळी पिंक टाकायची, तिचं नाव पानवाला.

"सासू कोणाची होती?" मी विचारलं.

"माह्यीच," चाचा म्हणाले. पलीकडून चाचींनी बांगडीचा एक तुकडा त्यांच्या दिशेने भिरकावला. त्यांच्याच आईवरून ते नाव पडलं होतं.

मी त्या दिवशी खरोखर सुखात होतो. या नावांपैकी दोन तरी माझ्या वडिलांच्या तोंडी होती. चाचा नळी काढायचे, फुंकून धूळ उडवायचे, तिच्या मालकाची गोष्ट सांगायचे आणि मी लहान पोरासारखा मांडी घालून ऐकत होतो. दुपारी चाचींनी भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. मी साताऱ्याच्या सवयीने आमटी शोधत होतो, तिथे पातळ असं काहीच नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही.

शेडच्या दारात एक जुनी जीप उभी होती. रंग उडालेला, मागे ताडपत्री. ती किसनभाऊंची. किसनभाऊ मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका लहान गावातले. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी आयुष्यभर त्या गावासाठी जीप चालवली. बाळंतीण न्यायची, आजारी माणूस न्यायचा, लेक माहेरी आणायची, सगळं याच गाडीतून. आता ते अकोल्याला दवाखान्यात होते, पोटाचं ऑपरेशन. जाण्यापूर्वी त्यांनी गाडी चाचांकडे टाकली होती, परत येईन तेव्हा तयार ठेव म्हणून. आणि या जीपला, मी ज्यासाठी आलो तो कोंबडा होता. झडप गंजून बसली होती, एवढंच.

"तुमच्यासाठी दुसरा हाये माह्यापाशी, देतो," चाचा म्हणाले. "पण आधी याचा दुरुस्त करू. तुमाले आवाज ऐकू येईल."

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आम्ही झडपेत घालवली. चाचा कानस मारायचे, मी रॉकेलचा बोळा धरायचो. शेवटी गाडी सुरू करून चाचांनी तार जराशी ओढली. कूक. पुन्हा, कूक. तोच आवाज. माझे डोळे भरून आले आणि मी ते चाचांपासून लपवलेही नाहीत.

शुक्रवार होता. चाचांना नमाजाला जायचं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"नाक्यापर्यंत एक चक्कर मारून या. वाजवाचा तर आखूड वाजवा, एकदा, दोनदा. लांब ओढू नका."

मी हो म्हणालो. कारण विचारलं नाही. तार जुनी आहे, म्हाताऱ्याला तुटायची भीती वाटत असेल, असं मीच ठरवून टाकलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला शब्द दिलेला होता, शहाणपण माझ्यापाशी नव्हतं.

मानोऱ्याचा रस्ता

नाका आला आणि गेला. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना पळस, गाडी छान ओढत होती. जरा पुढे जाऊ, असं मी म्हणालो आणि गेलो. आखूड आखूड वाजवलं. बांधावर हरभरा काढणाऱ्या बायकांनी हात वर केले, मीही केला. पुढे एक नाला आला, त्यावर लहान पूल आणि पुलापलीकडे वळण घेऊन गावात शिरणारा रस्ता. अगदी आमच्या साताऱ्याच्या चौकासारखं वळण. मला काय वाटलं ते सांगायला आता तोंड नाही, पण वाटलं ते असं, की वळणापलीकडे आमचं फाटक असेल.

मी तार ओढली आणि धरून ठेवली.

आवाज रानभर गेला. मी वडिलांसारखाच ताठ बसलो होतो, एक हात चाकावर, एक तारेवर. पहिल्या घरातून एक बाई बाहेर आली आणि तिने तोंडावर पदर घेतला. दुसऱ्या घरातून कुणी पोरांना हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, ओळखीचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकून लोक बाहेर आले. मी हसलोसुद्धा. एका घरासमोर गर्दी दिसली, तिथे मी गाडी थांबवली आणि तार सोडली. आवाज थांबला तेव्हा रडणं ऐकू आलं.

चार-सहा माणसं सरळ गाडीच्या मागे गेली, त्यांनी ताडपत्री वर केली आणि हात पुढे केले. उचलायला करतात तसे. आत मी खाऊ म्हणून घेतलेली संत्र्यांची पिशवी होती.

"कुठी हाये?" एकाने विचारलं.

"कोण?" मी म्हणालो.

"किसनभाऊ."

तेवढ्यात गर्दी जराशी फाकली आणि मला उंबरठा दिसला. त्यावर पन्नाशीची एक बाई बसली होती. तिचे दोन्ही हात उंबरठ्यावर होते, मनगटातून रक्त येत होतं आणि आजूबाजूला हिरव्या काचा पडलेल्या होत्या. त्या किसनभाऊंच्या पत्नी, गंगाबाई.

जे मला त्यानंतर तुटक तुटक सांगितलं गेलं ते असं. अकोल्याहून कुणाला मेलेलं आणायचं झालं, की किसनभाऊ पुलापासून घरापर्यंत कोंबडा एका दमात ओढून धरायचे. जिवंत माणूस आणला तर दोनदा आखूड. लांब आवाज आला की गावाने समजून घ्यायचं. शेजारणींनी चुली विझवायच्या, पोरं दूर न्यायची, पुरुषांनी उचलायला यायचं. ती बातमी कोणाच्या तोंडाने जायला नको, म्हणून ही पद्धत. ज्याने सांगितली त्याचा चेहरा घरच्यांना जन्मभर आठवतो, असं किसनभाऊंचं म्हणणं होतं. पुढे फोन आले, तरी गावाने ही बातमी फोनवर द्यायची नाही असंच ठेवलं. किसनभाऊंचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. सोबत गेलेल्या पुतण्याचा फोन सकाळपासून लागत नव्हता. आणि भर दुपारी किसनभाऊंचीच गाडी, त्यांचाच कोंबडा, पुलापासून घरापर्यंत एका दमात.

"ते गाडीत नाहीत," मी म्हणालो. "मी... मी सहज वाजवला."

सहज. हा शब्द मी तिथे उच्चारला. त्यावर कुणी मला मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. कुणी मारलं नाही. एकाने पुतण्याला पुन्हा फोन लावला आणि या वेळी तो लागला. ऑपरेशन होऊन गेलं होतं. किसनभाऊ शुद्धीवर येऊन चहा मागत होते आणि डॉक्टर देत नव्हते. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला होता. गंगाबाईंनी ते ऐकलं. त्या हसल्या नाहीत की रडल्या नाहीत, आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "खोटी खबर आली का आयुष्य वाढते माणसाचं." दोन-तीन जणांनी मान डोलावली. त्यांना माझी सोय करायची होती, हे मला कळत होतं.

मी उंबरठ्यापाशी गेलो आणि हात जोडले.

"पाणी द्या त्यायले," गंगाबाई कुणालातरी म्हणाल्या. "उनातून आले."

मी ते पाणी प्यायलो. नाही म्हणण्याचाही धीर झाला नाही.

तोवर मला शोधत कुणाच्या तरी मोटारसायकलवरून चाचा आले. नमाजाची टोपी डोक्यावर तशीच. त्यांनी उंबरठा पाहिला, काचा पाहिल्या, मग माझ्याकडे वळले.

"मी बोललो होतो ना तुमाले. काहून ओढला लांब?"

"चाचा, आमच्याकडे लांब म्हणजे..."

"तुमच्याकडचं तुमच्याकडे," चाचा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. परतीच्या वाटेवर मी मागच्या बाकावर ताडपत्रीखाली बसलो होतो.

निघताना गंगाबाई सगळ्यांसमोर चाचांना किसनभाऊंबद्दल एवढंच म्हणाल्या होत्या, "चाचा, यायले सांगू नका हे. मी चुड्या फोडल्या, हे त्यायले समजू देऊ नका. मले एक फोन करून पाहाव, इतकंबी सुचलं नाही. किती लौकर मानलं मी."

लाज माझी होती आणि ती त्या बाईने स्वतःच्या अंगावर घेतली होती. मी ताडपत्रीआडून ते ऐकलं.

पोहरादेवी

दुसऱ्या दिवशी मी पळून जायचं ठरवलं. पिशवी भरून स्टँडवर आलो. वाशिमची बस लागलेली होती. तिच्यात चढलो असतो तर संध्याकाळी रेल्वेत असतो. पण चाचा लॉजवर येऊन मला शोधतील आणि मग त्यांना समजेल, याची लाज कालच्या लाजेहून मोठी वाटली. मी मानोऱ्याच्या बसमध्ये बसलो आणि तिथून पोहरादेवीला गेलो. किसनभाऊंचं गाव वाटेत लागलं. बस पुलावरून वळली तेव्हा मी खाली वाकून चपलेचा बंद नीट करत होतो. चपलेला बंद नाही.

पोहरादेवी बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. यात्रेला लोटणाऱ्या गर्दीबद्दल बसमधले लोक बोलत होते, पण मी गेलो त्या दिवशी अंगण रिकामं होतं आणि सावलीत काही बंजारा बाया बसल्या होत्या, हातभर पांढऱ्या चुड्या घातलेल्या. मी हात जोडले, मागितलं काही नाही. मागण्याचं माझं तोंड नव्हतं.

बाहेर दुकानांची रांग होती. नारळ, कुंकू, बांगड्या. मी एका बांगडीवालीपुढे उभा राहिलो.

"हिरव्या द्या," म्हणालो.

"माप?"

माप मला कुठून ठाऊक असणार. मी हातानेच गोल करून दाखवला.

"घरच्यासाठी का?" ती म्हणाली.

"नाही. दुसऱ्या एका बाईंसाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. शेजारची दुकानवालीही बघायला लागली. परक्या पुरुषाने परक्या बाईला, तिचा नवरा दवाखान्यात असताना, बांगड्या नेऊन द्यायच्या, हे मी काय करायला निघालो होतो ते मला त्या दोघींच्या डोळ्यांत दिसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसऱ्यांदा करता करता राहिलं. "नको," म्हणालो आणि तिथून निघालो. मागून हसणं ऐकू आलं, ते बरोबरच होतं.

संध्याकाळी शेडवर परत गेलो तेव्हा चाचा वेल्डिंग करत होते. त्यांनी काच वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली केली. चाची मात्र बोलल्या.

"कुठी गेले होते? जेवणाले वाट पाहून राह्यली होती मी."

मी बांगड्यांची गोष्ट त्यांना सांगून टाकली. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बापा, असं करतेत काय? मी कालच भरून आली तिले चुड्या. दिवा लावाच्या आत. मोकळ्या हातानं राहू देतेत काय कोणी?"

म्हणजे मी लॉजच्या खाटेवर तोंड लपवून पडलो होतो, त्या वेळी चाची मोटारसायकलच्या मागे बसून तिथे जाऊन आल्या होत्या. करायचं होतं ते सगळं इथल्या माणसांनी करून टाकलं होतं. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"चाचा," मी म्हणालो, "किसनभाऊंना आणायला कधी जायचं? मी येतो. गाडी मी चालवतो."

चाचांनी वेल्डिंगची काच खाली ठेवली. मग म्हणाले, "सोमवारी. सकायी या."

अकोल्याहून परत

मधले दिवस मी शेडमध्ये झाडू मारला, बोळे धरले, चाचींच्या दुकानातली खोकी हलवली. चाचांनी मला काही करायला सांगितलं नाही आणि थांबवलंही नाही, फक्त कबूल केलेला कोंबडा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला.

सोमवारी अकोल्याला किसनभाऊ मला दवाखान्याच्या पडवीतल्या खाटेवर भेटले. लहानखुरा, हसरा माणूस, दाढी वाढलेली. पोटावर हात धरून चालत होते आणि तरी मला दार उघडून देत होते. मी कोण ते चाचांनी सांगितलं, साताऱ्याचे पाहुणे, कोंबड्यासाठी आले, गाडीच्या दुरुस्तीत हात लावला. सगळं खरं. किसनभाऊंनी माझे दोन्ही हात धरले.

"माह्या कोंबड्यासाठी सातारहून आले तुमी? मले तर अठी बसून वाटे का तो आता भंगारात जाते."

मागच्या बाकावर गादी घालून त्यांना निजवलं. पुतण्या त्यांच्यापाशी, चाचा माझ्या शेजारी. मी गाडी हळू चालवली, प्रत्येक खड्ड्याला थांबून. किसनभाऊ मागून बोलत होते. दवाखान्यातलं वरण किती पातळ होतं, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेत कसा बैलांना हाकायचा, घरी गेल्यावर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे करायला लावणार. आम्ही हसत होतो आणि मी आरशात त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

पूल दिसायला लागला.

"वाजवा ना, भाऊ," किसनभाऊ म्हणाले. "दोन खेपा. घरवाली वाट पाहून राह्यली असन."

मी चाचांकडे पाहिलं. चाचा समोर बघत होते.

"तुमीच वाजवा," म्हणाले. "आखूड."

माझा हात तारेवर गेला आणि तिथेच राहिला. पूल मागे पडला, वळण आलं. बायका दारात येऊन उभ्या होत्या, पदराचं टोक हातात धरून. कुणी हलत नव्हतं. मी ओढली. कूक. सोडली. पुन्हा ओढली. कूक. आणि हात झटकन असा मागे घेतला की चाचांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पहिल्या घरातली बाई मटकन पायरीवर बसली आणि हसली. पारावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली.

घरासमोर लोक जमले. किसनभाऊंना उतरवून ओसरीवर बसवलं. गंगाबाईंचं ते बोलणं गावानेही पाळलं होतं, कुणाच्या तोंडून काही निघालं नाही. गंगाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग चहा आणला. कप पुढे करताना त्यांचे हात किसनभाऊंच्या समोर आले.

"चुड्या नव्या दिसून राह्यल्या," किसनभाऊ म्हणाले.

"हव."

"कवा भरल्या?"

"शुक्रवारी. मंगरूयले गेली होती."

किसनभाऊंचा चेहरा जरासा उतरला. ते रागीट नव्हते, दुखावले होते.

"माह्यं पोट फाडून राह्यले तठी," ते हळूच म्हणाले, "अन् तुले चुड्या भराची हौस सुचली?"

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. गंगाबाईंनी पदर पुढे ओढला, त्यात मनगटावरची खपली झाकली गेली.

"सुचली," त्या म्हणाल्या. "चुकलं माह्यं."

मग त्यांनी दुसरा कप माझ्यापुढे धरला. मी मान वर केली. त्या माझ्याकडेच बघत होत्या, मी काही बोलू नये म्हणून. मला बोलायचं होतं की नाही, हे मी अजून स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही.

"यायचेच उपकार हायेत," किसनभाऊ लोकांना सांगत होते. "वळख ना पाळख, पण मले घरी घेऊन आले. आपलं माणूस काय करते, अन् परका माणूस काय करते, पाहा."

चहात साखर जास्त होती. मी तो सगळा प्यायलो आणि कप खाली ठेवला.